खुर्चीवरचा ओला टॉवेल

घर बांधून व्हायच्या आधीच मी संगणकावर त्याचं आतलं चित्र काढतो. माझ्या चित्रातल्या फरशीत बघून माणसानं दाढी करावी, आणि सोफ्यावर बसलेली माशी घसरून थेट शेजारच्या सोसायटीत पडावी, हे मी अगदी नम्रपणे सांगतोय.

आमच्या शेजारच्या काकू मात्र त्यांच्या नव्या फ्लॅटचं चित्र बघून म्हणाल्या, "छान आहे. पण इथं कोणी वारलंय का रे?"

काका हादरले. काकूंनी हो म्हटल्याशिवाय जुनं घर काही सुटणार नव्हतं.

मग मी चित्रातला कॅमेरा, म्हणजे बघणाऱ्याची नजर, छताजवळून खाली, बसलेल्या माणसाच्या डोळ्यांपर्यंत आणला. उशीला खळगा पाडला. खिडकीतून संध्याकाळचं तिरकं ऊन सोडलं, आणि खुर्चीच्या पाठीवर एक ओला टॉवेल टाकला. आवरलेली खोली पाहुण्यांसाठी असते. राहणारा माणूस पसाऱ्यातूनच आत येतो.

"टॉवेल तेवढा काढ बाबा," काका म्हणाले. "लग्नापासून त्यावरून बोलणी खातोय."

काकूंनी चित्रातल्या टॉवेलवर बोट ठेवलं.

"राहू दे रे," त्या मला म्हणाल्या. "हे कुठं बसणार ते आता कळलं. माझी खुर्ची जरा यांच्यासमोर घे."