शेवग्याचा निवाडा
पुंडलिकनगरातल्या त्या गल्लीत नळावरून भांडण जुंपलं की बाया म्हणायच्या, "चला साळूबाईकडं." तिनं एकदा स्वतःच्या लेकीलाही चूक ठरवलं होतं. शेजारच्या मनकर्णाबाईच्या अंगाचा मात्र तिळपापड व्हायचा. हिला कुणी मुन्सफ केलं? शेवटी तिनं खुद्द साळूबाईशीच भांडण उकरून काढलं.

"तुमच्या शेवग्याचा पाला माझ्या अंगणात पडतो. करा आता निवाडा!"

"माझ्याच भांडणात मी कसा करू? तुम्हीच करा. मला कबूल."

सगळी गल्ली मनकर्णाबाईच्या तोंडाकडं बघू लागली. इतकी वर्षं हवा असलेला मान मिळाला, अन् नेमकी खोटं बोलायला जीभ रेटेना.

"इकडं लोंबणाऱ्या शेंगा मीच खाते," ती पुटपुटली, "तर पालाबी मीच झाडीन."

माघारी जाताना बाया म्हणाल्या, "निवाडा करावा तर साळूबाईनंच!"