एकच वायर

इथे आखातात, अल मजाजमधल्या आमच्या वसईकर शेजाऱ्यांचा वायरींवर राग आहे. कुणाच्याही घरी गेले की आधी टीव्हीच्या मागे डोकावतात आणि "काय हे जंगल" म्हणून हळहळतात. त्यांच्याच नादी लागून आम्ही कॉम्प्युटर घेतला होता. त्याच्या मागे डोळ्यांवर चढवायच्या व्हीआर हेडसेटसाठी खास पोर्ट होतं.

"चित्र, करंट, सगळं एकाच वायरीतून. बाकी खलास, वहिनी."

पुढे कंपन्यांनी ती पद्धतच सोडून दिली आणि तसा हेडसेट काही आमच्या घरी आला नाही. "तुमचं पोर्ट काय म्हणतंय?" असं आमचे हे मुद्दाम विचारायचे. "येईल कामाला, इन्शाल्ला," म्हणत शेजारी शांतपणे चहा प्यायचे.

परवा पुण्यात नणंदेच्या मुलाचं लग्न होतं. पाय मोडल्यामुळे सासूबाई इथेच. मोबाईलवर त्यांना नीट दिसत नाही आणि नेमका कॉम्प्युटरचा स्क्रीन गेला. पुण्याहून आणलेला पातळ स्क्रीन काढला, तर चार्जरच्या पिना गोल, इथलं सॉकेट चौकोनी पिनांचं आणि अडॅप्टर सापडेना. तिकडे मंगलाष्टकं सुरू झालेली.

शेजाऱ्यांना हाक मारली. त्यांनी चार्जर बाजूला सारला, स्क्रीनची एकच वायर हेडसेटच्या त्या पोर्टात खोचली. चार्जरशिवायच स्क्रीन उजळला. अंतरपाट, नवरानवरी, सगळं लख्ख.

"अगं, माझा नातू," सासूबाई म्हणाल्या आणि स्क्रीनवर अक्षता टाकू लागल्या. आम्हीही टाकल्या.

शेजाऱ्यांनी चिमूटभर अक्षता घेतल्या आणि कॉम्प्युटरच्या मागे वाकून त्या पोर्टावर टाकल्या.