ऐंशीच्या खाली

अप्पाराव वाळूजच्या एका कारखान्यात वजनकाट्यावर होते. ट्रक आत येताना तोलायचा, बाहेर जाताना तोलायचा, मधला फरक लिहायचा. सतरा वर्षं हेच काम. २०१६च्या उन्हाळ्यात त्यांच्या काट्यावर मालापेक्षा पाण्याचे टँकर जास्त चढत होते.

आमची ओळख सँडविचमुळे झाली. मी मराठीत एम.ए. केलं आणि जालना रोडवरच्या एका नव्या फास्टफूडच्या दुकानात लागले. डोक्यावर टोपी, हातात प्लास्टिकचे पातळ मोजे. काचेमागे उभं राहून विचारायचं, ब्रेड कोणता, भाज्या कोणत्या, सॉस कोणता. माझे वडील निवृत्त हेडक्लार्क. ते पाहुण्यांना सांगायचे, "आमची नीरजा साहित्य शिकली. आता पाव कापते."

फेब्रुवारीच्या शेवटी एका संध्याकाळी अप्पाराव आले. घामानं निथळत होते. कंपनीचा टी-शर्ट पोटावर चिकटलेला. पायात कोरे करकरीत बूट.

"म्याडम, यातलं हलकं काय हाय?"

"कशासाठी, काका?"

"पळून आलोय. वजन उतरवायचंय."

आमच्याकडे कंपनीचा कॅलरींचा इंग्रजी तक्ता होता. मी तो वाचला आणि त्यांना सांगितलं, पनीरचं घ्या, तीनशे कॅलरी. त्यांनी मोठा पाव घेतला. चीज घेऊ का, असं मलाच विचारलं. मी म्हटलं, घ्या. वरून गोड कांद्याचा सॉस आणि मेयोनीज. सोबत थंड पेय. कोपऱ्यातल्या टेबलावर भिंतीकडे तोंड करून बसले आणि हळूहळू सगळं संपवलं.

ते रोज यायला लागले. गारखेड्यात राहायचे. पहिली पाळी सुटली की कंपनीच्या बसनं घरी, बूट घालून स्कूटरवर बीड बायपासच्या पलीकडे. तिथं शेतांचे प्लॉट पडले होते. घरं अजून नव्हती, सिमेंटचे रस्ते तेवढे झाले होते. त्या रिकाम्या रस्त्यांवर ते पाच किलोमीटर पळायचे.

चौथ्या-पाचव्या दिवशी दुकानात गर्दी नव्हती. मी सहज विचारलं, "या वयात कुठली स्पर्धा, काका?"

त्यांनी सांगितलं. पाव खात, मान वर न करता सांगितलं. त्यांच्या बायकोच्या, आशाबाईंच्या दोन्ही किडन्या गेल्या होत्या. आठवड्यातून दोनदा डायलिसिस. रक्तगट दोघांचा एक. बाकी तपासण्याही जुळल्या. पण डॉक्टरांनी सांगितलं होतं, एकोणनव्वद किलोच्या माणसाची किडनी काढणार नाही, त्याच्याच जिवाला धोका. जूनअखेर ऐंशीच्या खाली या, मग बघू.

"नऊ किलो," ते म्हणाले. "आमच्या काट्यावर नऊ किलो दिसत बी नाय. वीस किलोच्या आतलं तो धरतच नाय."

मी टिश्यूपेपर पुढे केले.

त्या दिवसापासून मी त्यांचं सँडविच मन लावून करायला लागले. टोमॅटो जास्त, काकडी जास्त. चीज नीट कडेपर्यंत.

अप्पारावांनी घरी एक साधा वजनकाटा आणला होता. पळायच्या आधी तोलायचे, पळून आल्यावर तोलायचे. दुकानात येऊन मला हिशोब सांगायचे.

"आज नऊशे ग्रॅम उतरलं."

"अरे वा."

"आता तुझं हे सँडविच." एकदा त्यांनी ते घरी नेऊन तोललंही होतं. "पाचशे ग्रॅमच्या आत. म्हंजी चारशे ग्रॅम आपण फायद्यात."

"आणि थंड पेय?"

"ते पातळ हाय. निघून जातं."

मी हसले. मला ते पटलं होतं. आत येतानाचं वजन, बाहेर जातानाचं वजन, मधला फरक खरा. काट्यावरचा माणूस चुकेल कसा, असं मला वाटलं.

एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात ते आले तेव्हा घाम नव्हता. ऑर्डर न देताच कोपऱ्यात जाऊन बसले. मी काचेमागून बाहेर आले.

"नव्वद भरलं," ते म्हणाले.

"काय?"

"दवाखान्याच्या काट्यावर. नव्वद. दोन महिने पळालो अन् एक किलो चढलो."

तिथल्या आहारतज्ज्ञ बाईंनी त्यांना समोर बसवून विचारलं होतं, काय खाता, किती वाजता, वरून काय. त्यांनी अभिमानानं सांगितलं. बाईंनी कागदावर बेरीज केली. पाच किलोमीटर पळून साडेतीनशे-चारशे कॅलरी जातात. मोठा पाव, चीज, मेयोनीज, गोड सॉस आणि थंड पेय मिळून हजाराच्या वर.

"मी म्हटलं, म्याडम, पण रोज नऊशे ग्रॅम उतरतं. त्या म्हणाल्या, ते पाणी आहे. घामाचं. प्यायलात की परत." मग म्हणाले, "मला कळायला पायजे होतं, नीरजा. दर मंगळवारी, दर शुक्रवारी आशाला मशीनवर घेत्यात. आधी वजन, मग वजन. दोन-अडीच किलो पाणी काढत्यात. त्याला कोणी बारीक होणं म्हणत नाय. मी स्वतः ते आकडे लिहून ठेवतो."

मी काउंटरवरून तक्ता आणला. तळाला बारीक अक्षरात एक ओळ होती. आकडे अर्ध्या पावाचे आहेत, चीज आणि सॉस वगळून. मी दोन वर्षं पुस्तकांच्या तळटीपा वाचण्यात घालवली होती. ही एक वाचली नव्हती.

"काका, चूक माझी आहे."

"तू काय माझ्या तोंडात घातलंस व्हय?"

"उद्यापासून घरी जेवा. भाकरी, भाजी. काकूंना काही करायला झेपत नसेल तर..."

"तसं नाय."

त्यांनी तक्ता बाजूला सारला. मग म्हणाले, "तिला दिवसाचं पाणी आठशे मिली. औषधाच्या गोळ्या गिळायचं बी त्यातच. मीठ नाय. मी सकाळी बाटली भरतो, खुणा करून ठेवतो. ती बसती त्या बाटलीकडं बघत. अन् मी तिच्या म्होरं तांब्या तोंडाला लावू? खारं, तिखट कालवण भुरकू? म्हणून हितं येतो. हितंच पाणी पितो, हितंच खातो. घरी सांगतो, कँटीनला झालं."

दोन महिने मला वाटत होतं की हा माणूस माझ्याकडे वजन उतरवायला येतो.

पुढच्या मंगळवारी दुपारी एक बाई दुकानात आल्या. सुकलेला चेहरा, डाव्या हाताला पट्टी. दार ढकलायलाही त्यांना त्रास झाला. त्यांनी काचेतल्या सगळ्या भाज्या नीट बघितल्या, मग मला.

"पाववाली नीरजा तूच का?"

"हो. तुम्ही आशाकाकू?"

"आमचे हे रोज येत्यात ना हितं? शर्टाला वास येतो. आधी वाटलं कंपनीत सेंट वाटायलेत. मग खिशात बिल सापडलं, त्याच्यावर दुकानाचं अन् तुझं नाव." त्या खुर्चीत टेकल्या. "खरं सांग पोरी. मला वाटलं, आजारी बाईच्या हातचं नको झालं त्यांना."

मी सगळं सांगितलं. सांगायला नको होतं कदाचित. पण ती बाई डायलिसिस करून, रिक्षा करून हे विचारायला आली होती.

त्या ऐकत होत्या. डोळ्यांत पाणी नव्हतं. एकदाच म्हणाल्या, "येडा बैल." मग जरा वेळानं, "मी तरी कुठं शहाणी. बाटलीकडं बघत बसायची ते तहान लागली म्हणून नाय. घरात कोणी बोलायला नसतं."

उठताना त्यांनी मला दम दिला. "आज संध्याकाळी जेवायला ये. तू असलीस की त्यांना उठून पळता यायचं नाय."

त्यांच्या दोन खोल्या होत्या. पिंपं अर्ध्यावर आलेली, नळाला पाणी येऊन चार दिवस झालेले. आशाबाईंनी ज्वारीच्या भाकऱ्या केल्या होत्या. त्यांचं ताट वेगळं, बिनमिठाचं. अप्पाराव माझ्याकडे बघत नव्हते, आशाबाईंकडेही नाही. घास मोडून भिंतीकडे तोंड केलं.

"भिंतीला काय दावताय?" आशाबाई म्हणाल्या. "हिकडं बघून जेवा."

"तू जेव ना."

"जेवतीया. अन् पाणी प्या. ठसका लागला तर मला उठाया लावताल."

अप्पारावांनी तांब्या उचलला. तोंडाला लावला नाही, वरून धार सोडली. आशाबाई बघत होत्या. त्यांच्या चेहऱ्यावर मला हेवा दिसला नाही. पोरगं दूध पितंय की नाही हे आई बघते, तशा बघत होत्या.

"दुसरी भाकर?" त्यांनी विचारलं.

"नको. एकच सांगितली हाय."

"मग नीरजाला वाढते. ही बघा कशी काडी झालीय लोकांना पाव चारून."

मे कडक गेला. ते आता पहाटे पळायचे, पाळीच्या आधी. पंधरा दिवसांतून एकदा दुकानात यायचे. आहारतज्ज्ञ बाईंनी तेवढी मुभा दिली होती. अर्धा पाव, पनीर, भाज्या हव्या तेवढ्या, चीज नाही, मेयोनीज नाही, सॉसऐवजी लिंबू. मी तसं करून द्यायचे. ते एक घास खाऊन म्हणायचे, "हे तर आमच्या घरच्यासारखंच लागायलंय. मग तुझ्या दुकानात काय राहिलं?"

आमचे मॅनेजर ऐकत होते. त्यांना ते आवडलं नाही.

जूनअखेर त्र्याऐंशी भरले. आशाबाईंच्या हाताची डायलिसिसची शीर त्याच आठवड्यात बंद पडली. मानेतून नळी घालावी लागली. अप्पाराव दवाखान्याच्या पायऱ्यांवर बसून होते. मला म्हणाले, "तीन किलोसाठी थांबलीय ती." त्या चुकीच्या दोन महिन्यांत ते तीन किलो कधीच उतरले असते. तो हिशोब त्यांनी मांडला नाही. मी रात्रंदिवस मांडत राहिले.

डॉक्टरांनी मुदत वाढवली. ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात एकोणऐंशी किलो सहाशे ग्रॅम भरलं. सकाळी, उपाशीपोटी, दवाखान्याच्याच काट्यावर. अप्पारावांनी काट्यावरून उतरून पुन्हा चढून बघितलं. मग नर्सला म्हणाले, "ताई, लिहा."

एक पायरी उरली होती. रुग्णालयाची समिती किडनी देणाऱ्याला विचारते, कुणाच्या दबावाखाली देता का, का देता. हे सगळं कॅमेऱ्यासमोर. अप्पाराव घाबरले. मला म्हणाले, "तू शिकलेली. मला लिहून दे, मी पाठ करतो."

मी एक पान लिहिलं. तीनदा लिहिलं. सहजीवन हा शब्द घातला, काढला, पुन्हा घातला. त्यांनी पान घडी करून खिशात ठेवलं.

समितीसमोर काय झालं ते मला आशाबाईंनी सांगितलं. त्या शेजारीच बसल्या होत्या. साहेबांनी विचारलं, "का देताय?" अप्पारावांनी खिशावर हात ठेवला. पान काढलं नाही. म्हणाले, "साहेब, आम्ही दोघं एका ताटातलं खायचो. चौदा महिने झाले, दोन ताटं लागत्यात."

साहेबांनी पुढचं काही विचारलं नाही. सही कुठं करायची ते दाखवलं.