एक जूनला जन्मलेल्या कंपन्या

दोन हजार तीन-चारचा सुमार असेल. अमेरिकेत, पार्सिपनीच्या आमच्या ऑफिसात एका विमा एजन्सीचं सॉफ्टवेअर लिहायचं काम चाललं होतं. मी लायब्ररीतली पुस्तकं आणून जावा ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकलेली, आणि वयानं थोरली, म्हणून टीमची काकू. डिझाइन पुण्याच्या एका मुलाचं. मुलगा कसला, तिशीचा बाप्या. पण मला मुलगाच. त्याचं कॉन्ट्रॅक्ट जूनअखेर संपत होतं आणि व्हिसा त्याच्यावरच टांगलेला.

तेव्हा ऑब्जेक्ट-ओरिएंटेड प्रोग्रॅमिंगचं भारी वारं होतं. दिसेल त्या गोष्टीचा क्लास, म्हणजे कोडमधला साचा, करायचा आणि क्लासांची वंशावळ मांडायची. वरच्याकडे जे असेल ते खालच्याला आपोआप मिळतं. त्यानं सगळ्यात वर 'व्यक्ती' ठेवली, तिच्याखाली 'ग्राहक'. बोर्डावर ते झाड खरंच देखणं दिसायचं.

मग एजन्सी म्हणाली, आता कंपन्यांचाही विमा उतरवू. कंपनी म्हणजे ग्राहकच, म्हणून ती त्याच झाडाला लागली, आणि वारशात तिला जन्मतारीख आली. ती रिकामी सोडायची सोय नव्हती.

मी म्हटलं, "अरे, सून घरात आली म्हणून तिला सासऱ्याचं नाक येतं का?"

तो हसला. म्हणाला, डेमो तोंडावर आहे, एखादी तारीख टाकून देऊ. आपल्याकडे शाळेत ज्याची तारीख ठाऊक नाही त्याला गुरुजी जी देतात, तीच त्याच्या हातून पडली. एक जून. माझीही तीच, म्हणून मलाही खटकली नाही.

वाढदिवसाची कार्डं पाठवणंसुद्धा 'ग्राहका'तच होतं, हे आम्ही दोघंही विसरलो. जून उजाडला तशी ट्रकवाल्यांना, एका चर्चला आणि अंत्यविधी करून देणाऱ्या एका फ्यूनरल होमला दीर्घायुष्याच्या शुभेच्छा पोचल्या. फ्यूनरल होमच्या मालकानं एजन्सीला फोन करून शांतपणे विचारलं, हा विनोद कोणाचा.

मी त्याला सांगितलं, नव्या कॉन्ट्रॅक्टवर सही होईपर्यंत गप्प बस, कार्डं तेवढी बंद कर.

"झाड मीच चुकीचं लावलंय, काकू," तो म्हणाला. "आज कार्डं आहेत, उद्या दुसरं काही निघेल."

आणि गेला मॅनेजरकडे. चूक माझी आहे म्हणाला, कंपनीला झाडावरून उतरवायला महिनाभर मागितला. मॅनेजरनं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, बाकी सगळं चालतंय ना? मग एक ओळ घाल, कंपनी असेल तर कार्ड छापू नको. झाडाला हात लावायचा नाही. त्या अटीवर कॉन्ट्रॅक्ट वाढलं.

ती ओळ त्यानं माझ्यासमोर लिहिली. दुसऱ्या दिवशी पेढे आणले, सगळ्यांना वाटले, स्वतः खाल्ला नाही.

पुढे वयावरून हप्ता ठरवायचं काम निघालं. मी तिथला कोड उघडला, तर तशीच ओळ त्यानं तिथं आधीच लिहून ठेवलेली होती: कंपनी असेल तर वय बघू नको.