‘संपलं’ न म्हणणारे काका

वरच्या मजल्यावरच्या काकांना सगळी इमारत काठीकाका म्हणते. नाव मी ठेवलं. असली सत्कार्यं माझ्याच वाट्याला येतात. काठी त्यांना चालायला लागत नसे. गच्चीवरच्या टाकीतलं पाणी संपल्याची बोंब उठली, की ते वर जाऊन काठी टाकीत सोडत, ओल कुठवर आली ते बघत आणि जाहीर करत, आहे अजून, संपलं म्हणू नका. घरातही तेच. डब्याच्या तळाशी चमचाभर साखर आहे तोवर काकूंना ती संपली म्हणायची सोय नव्हती. लग्न झाल्यापासून मी तळच खरवडतेय, असं काकू सगळ्यांना सांगत.

तरुणपणी काका नौदलात वैमानिक होते. विमानवाहू जहाजावरून उडत. लढाईत होते, पदकही मिळालं. ते काकूंनी शिवणयंत्राच्या खणात सुट्या बटणांबरोबर ठेवलं होतं. लढाईनंतर मात्र काकांनी उडणं कायमचं सोडलं आणि निवृत्त होईपर्यंत सुट्या भागांच्या गोदामात नोकरी केली. असं का, यावर मी चार-पाच तर्क गल्लीत सोडून दिले होते. सगळे चविष्ट, आणि सगळे चुकीचे.

मग साथ आली. काकूंना श्वास पुरेना. इस्पितळात खाट नव्हती, म्हणून घरीच नाकाला नळी आणि उशाशी ऑक्सिजनचा सिलिंडर. आमच्या भागाला सिलिंडर आणून देणारा एकच टेम्पोवाला. तो फोनवर एवढंच विचारी, संपला का? संपला म्हणेल त्याच्याकडे आधी जाई. त्यामुळे सिलिंडरवरचा काटा निम्म्यावर आला की लोक बिनदिक्कत संपला म्हणत. काका सोडून.

एका दुपारी मी वर गेलो, तर काटा लाल पट्टीकडे सरकला होता. काकूंचे ओठ निळसर दिसत होते. मी म्हटलं, "काका, हरिश्चंद्रगिरी उद्या करा. आज संपला म्हणा."

ते खुर्चीवर बसले आणि काट्यावरची नजर न हलवता बोलले. लढाईत परतताना त्यांच्या पुढचं विमान जहाजावर आदळून आडवं झालं होतं. आतला वैमानिक त्यांच्याच खोलीत राहणारा. त्याचे पाय अडकलेले, लोक पत्रा कापत होते. काका वर घिरट्या घालत होते. वरच्याचं इंधन संपलं असेल तर खालचं मोडकं विमान समुद्रात ढकलून उतरायला जागा करायची, हा तिथला शिरस्ता. आणि इंधन संपलं असं थोडं आधीच सांगायचं, हीही तिथली सगळ्यांचीच सवय. काकांनी तसंच सांगितलं.

"ढकललं त्यांनी. म्हणाले, तो आधीच गेला होता. मला वरून त्याचा हात हललेला दिसला."

ते उतरल्यावर मेकॅनिकने नेहमीप्रमाणे विमानाच्या टाकीत इंधन मोजायची काठी घातली. वर काढून बघितली आणि म्हणाला, साहेब, यात आहे की अजून.

काकूंना धाप लागली. काकांनी त्यांच्याकडे पाहिलं, फोन उचलला आणि म्हणाले, "संपला."

टेम्पोवाला लगेच आला. खांद्यावरचा सिलिंडर खाली ठेवून जुना काढायला वाकला, तर काटा दिसला. बिचारा रागावलाही नाही. दमला होता.

"काका, यात आहे की अजून."

काकांचा चेहरा पांढराफटक पडला. कोणाला मागे टाकून आलास, असं त्यांनी विचारलं. पुढच्या वळणावरच्या शिंप्याची आई, तो म्हणाला, पण तेही कालपासून संपला संपलाच म्हणतायत. काकूंनी सगळं ऐकलं होतं. त्यांनी बोटानं दार दाखवलं.

"आधी तिकडे ने," काका म्हणाले. "पळ."

तो गेला. आम्ही काट्याकडे बघत बसलो. काकूंचा हात काकांच्या मुठीत होता. काटा लाल पट्टीत शिरला, तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली. मला वाटलं, दुसरा सिलिंडर मिळाला. पण टेम्पोवाल्याच्या खांद्यावर तोच होता, सील न तोडलेला.

"तिकडे आता नको म्हणाले," तो म्हणाला.

काकांनी पाना घेऊन सिलिंडर स्वतः जोडला. कोपऱ्यातला पंखा तेवढा कुरकुरत होता.

काकू त्यातून उठल्या. आता भिंतीला धरून घरभर फिरतात, मला पूर्वीसारखंच कळलाव्या म्हणतात. शिंप्याचं दुकान उघडलं, पण काका फाटका सदरा घेऊन दुसऱ्या गल्लीत जातात.

परवा टाकीतलं पाणी संपल्याची बोंब उठली. मी सवयीनं काकांच्या दारात जाऊन उभा राहिलो. काठी दारामागेच होती.

"तू बघून ये," ते म्हणाले, आणि आत गेले.