आत सोडलेलं कापड

सगळा बाजार तिला टाचणीबाई म्हणायचा. कपडा अंगावर बेतताना ओठांत टाचण्या धरायची तिला सवय, त्यामुळे बोलणं कमी आणि मान हलवणं जास्त. परक्या देशात नव्यानं आलेल्या बाईला ती एक सोयच झाली म्हणा. भाषा येत नव्हती तोवर लोकांना वाटायचं, टाचण्या आहेत म्हणून गप्प आहे बिचारी. नवरा गोदामात पाळीवर जायचा, आणि त्याच्या तोंडाचा पट्टा अखंड चालू. दोघांचं मिळून बोलणं बेताचं व्हायचं.

दुकान केवढंसं! रस्त्याकडे एक काउंटर, मग पडद्याआड आरसा, वाफेची इस्त्री आणि अगदी मागे संडास. नवे कपडे ती शिवत नसे. लोकांचे कपडे सैल करायचे, आवळायचे, उंची कमी करायची, एवढंच काम. पण त्यातून माणसाचं सगळं कळतं हो. कुणाचं पोट सुटलं, कुणाला दिवस गेलेत, हे हिला त्यांच्या सासूच्या आधी ठाऊक. आणि कळलेलं पोटात ठेवायचं, ही तिच्या शिंपी बापाची शिकवण. माप दुकानाबाहेर जात नाही, असं तो म्हणायचा. त्याचं दुसरं सांगणं असं, की कपडा कितीही आवळ, पण आतलं कापड कापू नकोस. शिवणीत दुमडून ठेव. माणूस पुन्हा अंग धरतो, तेव्हा उसवून सैल करून देता आलं पाहिजे.

राजकारणात ती पडली ती त्या संडासापायी. बाजारात बायकांसाठी सोय म्हणून नव्हती. भाजीवाल्या, मासेवाल्या, फुलवाल्या, सगळ्या हिच्याकडे किल्ली मागायला. एक शिवण धड पुरी होईना. शेवटी वैतागून ती नगरपालिकेत गेली. तिथला कारकून वर न बघताच म्हणाला, बाई, तुम्ही परक्या, तक्रार इथल्यांनी करायची असते. झालं! हिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. लोक नोकरीसाठी, मुलांसाठी नागरिकत्व घेतात. हिनं त्या कारकुनावरच्या रागानं घेतलं. पुढच्या निवडणुकीला उभी राहिली आणि भाजीवाल्यांनी तिला निवडून आणली. बाजारात संडास झाला. मग पाण्याचा नळ झाला, दिवे झाले. टाचणीबाई सभेत फार बोलत नसे, पण एकदा बोलली की मागे हटत नसे. होता होता अशी वेळ आली, की तिच्या गटानं तिला नगराध्यक्षपदासाठीच उभी केली.

समोर होते जुने नगराध्यक्ष. गंमत अशी, की साधे सदस्य होते तेव्हापासून त्यांचे कोट हिच्याच हाताखालून जायचे. पण मतांपुढे कसली ओळख आणि कसलं काय! भर सभेत ते म्हणाले, ही परकी बाई, हिला आपलं गाव काय कळणार? लोकांनी टाळ्या पिटल्या. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी स्वारी मागच्या दारानं दुकानात हजर, हातात कोट. माणूस तरी बघा! हिनं विचारलं, काल काय बोललात आठवतंय का? तर म्हणतात, ते भाषणातलं होतं.

हा कोट तिनं अलीकडे सारखाच आवळून दिला होता. ते सांगायचे, पथ्य करतोय, चालायला जातोय. त्या दिवशी मात्र खांद्यावर टाचणी लावताना कापडाखाली तिच्या हाताला नुसतं हाड लागलं. आरशात दोघांची नजरानजर झाली. ते हळूच म्हणाले, डॉक्टरांनी हात टेकलेत. बायकोला सांगितलेलं नाही. निवडणूक तेवढी होऊन जाऊ दे, तोवर कुणाला बोलू नकोस. तिच्या तोंडात टाचण्या होत्या. तिनं मान हलवली.

ते गेल्यावर ती कोट घेऊन बसली. आतल्या घड्या एवढ्या झाल्या होत्या की शिवण फुगून वर दिसत होती. तिनं कात्री घेतली आणि जास्तीचं सगळं कापड कापून टाकलं. कापून झाल्यावर आपण काय केलं ते तिला कळलं. त्या कोटात आता सैल करायला काही उरलं नव्हतं.

नवऱ्यानं खाली पडलेल्या चिंध्या बघितल्या. तो बडबड्या असला तरी खुळा नव्हता. त्यानं बरोबर ताडलं. नुसतं एक वाक्य बाहेर जाऊ दे, म्हणाला, आजारी माणसाला कोण मत देतंय, खुर्ची आपली. आणि त्यांनी तुला परकी म्हणायचं, आणि तू त्यांची अब्रू झाकायची? तिलाही खुर्ची हवी होती, खोटं कशाला बोला. या मुलखात आपण उपरे नाही, हे त्या खुर्चीत बसून सगळ्यांना दाखवायचं होतं. पण ती नाही म्हणाली, आणि त्यालाही गप्प राहायला लावलं. त्या गप्प राहण्याचा त्याला किती त्रास झाला असेल, देव जाणे.

मग कोट घरी पोचल्यावर नगराध्यक्षांची बायको, अध्यक्षीणबाई, तो घेऊन दुकानात आल्या. त्यांनी कोट उलटा करून काउंटरवर पसरला आणि शिवणीवर बोट ठेवलं.

"तू कधी कापत नाहीस," त्या म्हणाल्या. "या वेळी का कापलंस?"

त्यांना कसली शंका आली आहे, हे टाचणीबाईला लख्ख दिसलं. खरं सांगितलं असतं तर बाईंनी नवऱ्याला त्याच दिवशी घरी बसवलं असतं, आणि मैदान मोकळं झालं असतं. पण मान हलवून बसली होती ना ती!

"रागानं कापलं," ती म्हणाली. "मला परकी म्हणाले म्हणून."

अध्यक्षीणबाईंनी सुस्कारा सोडला. एवढंच ना, असं म्हणून त्या चक्क हसल्या. आणि मग हे ज्याला त्याला सांगत सुटल्या. बाजारभर एकच चर्चा, गिऱ्हाइकाच्या कोटावर सूड उगवणारी बाई गावाचं काय भलं करणार? टाचणीबाई सपशेल पडली. सदस्यपद तेवढं शाबूत राहिलं.

निवडून आल्यावर नगराध्यक्षांनी उपाध्यक्ष म्हणून तिचंच नाव पुढे केलं. त्यांच्या गटानं आकांडतांडव केलं, पण ते हटून बसले, मला तीच हवी. कारण काही सांगितलं नाही. पुढे ते इस्पितळात गेले ते परत आले नाहीत, आणि नियमाप्रमाणे खुर्ची तिच्याकडे आली.

पहिल्या सभेच्या सकाळी ती नगराध्यक्षांच्या खोलीत बसली होती. नवरा नवा सदरा घालून बाहेर जो भेटेल त्याला पकडून बोलत होता. तेवढ्यात अध्यक्षीणबाई आत आल्या. बसा म्हटलं तरी बसल्या नाहीत.

"तुला माहीत होतं. शेवटी त्यानंच सांगितलं मला."

टाचणीबाईनं कबूल केलं. त्यांना शब्द दिला होता, म्हणाली. आणि आमच्या धंद्यात माप बाहेर जात नाही.

"शब्द त्याला दिलास. पण विचारायला मी आले होते ना? तू रागानं कापलं म्हणालीस आणि मी निर्धास्त झाले. जेवत नाही म्हणून त्याला बोलले. प्रचाराला हाकलत राहिले. उठायला उशीर झाला म्हणून भांडले गं मी त्याच्याशी. मला तेवढे दिवस त्याच्याजवळ बसायला मिळाले असते." त्यांनी पदरानं नाक पुसलं. "तो म्हणायचा, बाई सोन्यासारखी आहे. असेल. पण माझ्या बहिणीनं मला सांगितलं असतं, आणि माझ्याबरोबर रडली असती. तू परक्यासारखी वागलीस."

हा शब्द तिला कारकुनानं ऐकवला होता, भर सभेत ऐकवला गेला होता, प्रचारात कुणी दुकानाच्या भिंतीवर रंगवलाही होता. दर वेळी तिला राग यायचा, आणि त्या रागावरच ती इथवर आली होती. या वेळी राग आला नाही. नुसतं रडू आलं.

शिपायानं दार ढकलून सांगितलं, सगळे खोळंबलेत. अध्यक्षीणबाई जायला वळल्या. टाचणीबाईनं उठून त्यांचा हात धरला.

"खरं आहे," ती म्हणाली. "परक्यासारखीच वागले मी."