पहिला मान

मामेभावाच्या लग्नात, मुलुंडच्या एका हॉलमध्ये, नव्या वहिनीकडून एक चूक झाली. आधी थोरल्या आत्याच्या पाया पड, मग धाकटीच्या, असं तिला बजावून सांगितलं होतं. समोर दोघी आत्या शेजारी शेजारी बसल्या होत्या. एक माझी आई, दुसरी माझी मावशी. वहिनीने दोघींकडे एकदा पाहिलं आणि बिनदिक्कत आईसमोर वाकली.

आई मावशीहून चार वर्षांनी धाकटी.

"अगो, मी धाकटी! पयलो मान तिचो," म्हणत आईने पाय मागे ओढले आणि पोट धरून हसली. हसता हसता तिला खोकल्याची उबळ आली. मावशीही हसली, पण नंतर बराच वेळ पदर सारखा करत राहिली. वहिनी बिचारी लाजेने अर्धी झाली. तिची तरी काय चूक? आईचे केस पांढरेफटक, पुढचे दात पडलेले, पाठीला बाक. मावशी पार्ल्याला, काका बँकेत. केस काळेभोर, दात शाबूत. त्या काळ्या केसांचा मला असा राग आला की मावशीने दिलेला गजरा मी पर्समध्ये कोंबून टाकला.

बाबा गेल्यावर आईने घाटकोपरच्या आमच्या दोन खोल्यांत खानावळ चालवली. एकटी राहणारी गाववाली माणसं दोन वेळा जेवायला यायची. मागच्या बिनखिडकीच्या खोलीत रॉकेलचे स्टोव्ह आणि कोळशाची शेगडी दिवसभर पेटलेली असायची. त्या धुरावर माझं कॉलेज झालं.

मी बीएस्सीला होते. लग्नानंतर थोड्याच दिवसांनी आमच्या बाईंनी वर्गात म्हातारपण शिकवायला घेतलं. माणसाला दोन वयं असतात, त्या म्हणाल्या, एक जन्मतारखेचं आणि एक शरीराचं. पेशी ठरावीक वेळा विभागतात, मग थांबतात. आणि कुणाचं शरीर लवकर झिजतं, कुणाचं उशिरा. सगळ्या मुली वहीत उतरवून घेत होत्या. माझं पेन हलेना. मला हॉलमधल्या त्या दोन खुर्च्या दिसत होत्या.

आईचा खोकला हटेना म्हणून तिला डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी एक्स-रे उजेडाकडे धरला आणि वय विचारलं. आई म्हणाली, पन्नास. "फुप्फुसं मात्र सत्तरीची झालीत," ते म्हणाले.

"फुप्फुसां माज्या आदी जल्माक इली काय?" आईने विचारलं. डॉक्टरांना मालवणी कळलं नाही. मला कळलं, पण हसू आलं नाही.

मी बाईंना गाठलं. हे वय मागे नेता येतं का? निदान थांबवता? बाई हळूच म्हणाल्या की अजून तसं काही हातात नाही; उंदरांना बेताचं खायला दिलं तर ते जास्त जगतात, एवढंच ठाऊक आहे. घरी येऊन मी तेच आईला सांगितलं. ती परात घासत होती. "मगे मी शंबर वर्सां जगतलंय," ती म्हणाली. सगळे जेवून उठल्यावर भांड्याच्या तळाशी उरेल ते ती खायची. इतकी वर्षं माझ्या डोळ्यांसमोर हे चाललं होतं. मी तिच्या हातातली परात ओढून घेतली आणि मोठ्याने रडले.

खानावळ मी बंद करायला लावली. उपयोग झाला नाही. पुढच्याच थंडीत आई गेली.

तिला बाहेर नेण्याआधी एकेकजण येऊन तिच्या पाया पडत होता. आमच्यात गेलेल्या माणसाला लहानांनी नमस्कार करायचा, मोठ्यांनी नाही. मावशी भिंतीला टेकून बसली होती. सगळ्यांचं झाल्यावर ती उठली आणि आईच्या पायांशी बसून वाकू लागली. शेजारच्या आजींनी तिचा हात धरला.

"अहो, तुम्ही थोरल्या. तुम्ही नाही करायचा नमस्कार."

मावशीने हात सोडवून घेतला. दाराशी वहिनी उभी होती, तिच्याकडे बघून मावशी म्हणाली, "थोरली हीच. ह्या पोरीक तेवाच कळलेला."

आणि तिने आईच्या पायांवर डोकं टेकवलं.